बोर्डावरचा कोरा कागद आणि खिशातली वही

पत्र : मी गेली १८ वर्षे नोकरी सांभाळून, पण नेमाने, जलरंगांत काम करते आहे. मागच्या वर्षी माझे पहिले एकल प्रदर्शन झाले. लोकांना ते आवडले, काही चित्रे विकलीही गेली. आणि तेव्हापासून गेल्या सात महिन्यांत मी एकही चित्र पुरे केलेले नाही. फुल शीटचा कागद बोर्डावर ताणून ठेवलेला आहे. रोज संध्याकाळी मी त्याच्यासमोर बसते, पेन्सिलीने दोन रेघा ओढते, त्या पुसते आणि उठते. एका मैत्रिणीने सुचवले की लहानशा स्केचबुकात लहान लहान चित्रे रंगव, म्हणजे हात मोकळा होईल. मला ते पटते आणि पटतही नाही. मोठे चित्र जमत नाही म्हणून छोट्याकडे वळणे ही पळवाट नव्हे का? शिवाय भेट मिळालेले एक देखणे स्केचबुक माझ्याकडे दोन वर्षे कोरेच पडून आहे; त्याच्या पहिल्या पानाला हात लावायलाही धीर होत नाही. छोटी चित्रे काढायचीच असतील तर काय काढायचे, कसे काढायचे, आणि मोठ्या कागदाकडे परत केव्हा वळायचे?

उत्तर : सस्नेह नमस्कार.

तुमच्या पत्रातले एक वाक्य माझ्या मनात राहिले. दोन रेघा ओढते, पुसते आणि उठते, असे तुम्ही लिहिले आहे. ज्याला काही सुचतच नाही तो रेघ ओढत नाही, त्यामुळे पुसण्याचा प्रश्नही त्याच्यापुढे येत नाही. तुम्हाला रोज काहीतरी सुचते आहे, तुम्ही ते कागदावर आणतही आहात, आणि मिनिटभरात ते नापास करून मोकळ्या होत आहात. तेव्हा कल्पना आटल्या आहेत ही भीती आधी बाजूला ठेवा. अडचण अशी आहे की जे सुचेल ते फुल शीटच्या तोलाचे आहे की नाही, हा निकाल तुम्ही चित्र सुरू होण्याआधीच मागत आहात, आणि पहिल्या दोन रेघांवरून असा निकाल कोणालाच देता येत नाही.

यशस्वी प्रदर्शनानंतर हे अनेकांचे होते, माझेही झाले होते. प्रदर्शनाच्या भिंतीवर लागतात ती निवडलेली, चौकटीत बसवलेली, चांगल्या प्रकाशात टांगलेली चित्रे. त्यांच्यामागे वाया गेलेले कागद किती होते हे प्रेक्षकांना कळत नाही हे ठीक आहे, परंतु काही दिवसांनी ते खुद्द चित्रकारही विसरतो. मग घरी बोर्डावरचा कोरा कागद त्या भिंतीशी स्पर्धा करू लागतो, आणि कोरा कागद ती स्पर्धा हरणारच.

माझी हकीकत थोडक्यात सांगते. एका दालनात माझी निळ्या-करड्या रंगांतली काही चित्रे विकली गेल्यावर तिथल्या संचालकांनी ‘अशीच आणखी’ मागितली. त्यांचा हेतू चांगला होता. मी ‘अशीच’ काढायला बसले आणि अकरा महिने काहीही काढू शकले नाही. पुढे एकदा आजारी नातेवाइकाच्या सोबतीला दिवसचे दिवस एका खोलीत बसून राहण्याची वेळ आली, तेव्हा पिशवीत एक खिशात मावणारी वही, रंगांची छोटी डबी आणि एक ब्रश होता. टेबलावर पाण्याचा पेला होता. मी तो रंगवला, दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच रंगवला, आणि पुढचे पाच आठवडे जवळजवळ रोज तोच पेला रंगवत राहिले. त्यातली बहुतेक चित्रे सामान्य होती. वही चाळताना मात्र लक्षात आले की सुरुवातीची काही पाने सोडली तर मी पेला रंगवतच नव्हते; पेल्यातून टेबलावर पडणारा उजेडाचा ठिपका आणि त्याच्याभोवतीची सावली रंगवत होते. माझी पुढची दोन वर्षांची चित्रे त्या ठिपक्यातून निघाली. हे मला आधी कोणी विचारले असते तर सांगता आले नसते.

आता तुमच्या मुख्य शंकेकडे येते. छोट्या चित्राकडे वळणे ही पळवाट आहे का? चित्रकलेच्या इतिहासाकडे पाहिले तर ही मोठ्या चित्राकडे जाणारी नेहमीची वाट होती असे दिसते. जॉन कॉन्स्टेबल या इंग्रज निसर्गचित्रकाराची १८१३ सालची एक वही लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. तिचे पान साधारण ९ बाय १२ सेंटिमीटरचे, म्हणजे तळहाताएवढे आहे. आपल्या गावाभोवतीचा परिसर त्याने अशा चिमुकल्या पानांवर टिपून ठेवला, आणि त्याच परिसराची सहा-सहा फुटी तैलचित्रे तो पुढे १८१९ पासून प्रदर्शनांत मांडू लागला. १८२१ आणि १८२२ या दोन वर्षांत त्याने नुसत्या आकाशाचे कितीतरी छोटे अभ्यास तैलरंगांत कागदावर केले आणि त्यांच्या मागे तारीख, वेळ, वाऱ्याची दिशा अशा नोंदी लिहिल्या. फ्रेंच चित्रकार जॉर्ज सरा याने १८८४ ते १८८६ या काळात ग्रांद जात बेटावरच्या रविवारचे जे प्रसिद्ध चित्र केले ते सुमारे २ मीटर उंच आणि ३ मीटर रुंद आहे. त्याची तयारी मात्र त्याने जागेवर बसून, साधारण १६ बाय २५ सेंटिमीटरच्या लाकडी फळकुटांवर, सिगारच्या पेट्यांच्या झाकणांएवढ्या आकारात केली. कॉन्स्टेबलच्या आकाशांत काय आणि सराच्या फळकुटांत काय, एका वेळी एकाच प्रश्नाचे उत्तर शोधलेले दिसते. ढगाची खालची कड किती गडद, गवतावर पडलेली सावली हिरवी की निळी, माणसांचा घोळका डावीकडे की मध्यावर, इतकाच त्या दिवसाचा प्रश्न.

पळवाट होते ती दुसऱ्या प्रकारे. छोट्या पानावर मोठ्या चित्राची सुबक प्रतिकृती काढायला बसलात, तीन शून्यांचा, म्हणजे अगदी बारीक, ब्रश घेऊन झाडाचे एकेक पान आणि भिंतीची एकेक वीट काढू लागलात, तर तुम्ही तोच धाक लहान आकारात वहीत आणलात. अशी पाने पाहायला गोंडस असतात आणि त्यांचा तुम्हाला काडीचाही उपयोग होणार नाही. म्हणून माझी पहिली अट ब्रशाबद्दल आहे. वही लहान आणि ब्रश मोठा, गोल असेल तर आठ किंवा दहा नंबरचा, चपटा असेल तर अर्ध्या इंचाचा. एवढ्या ब्रशाने तळहाताएवढ्या पानावर बारकावा काढताच येत नाही. झाडांची रांग एका फटकाऱ्यात बसवावी लागते, घराचा एक प्रकाशातला आणि एक सावलीतला असे दोनच आकार करता येतात, आणि काय वगळायचे हा निर्णय ब्रशच तुमच्याकडून करवून घेतो.

यामागचा हिशेबही पाहा. फुल शीट ५६ बाय ७६ सेंटिमीटरची असते आणि ए-सहा आकाराचे पान साडेदहा बाय पावणेपंधरा सेंटिमीटरचे; म्हणजे तुमच्या बोर्डावरचा कागद वहीच्या पानाच्या सुमारे २७ पट आहे. नोकरी सांभाळून फुल शीट रंगवणाऱ्या माणसाची महिन्यात तीन-चार चित्रे सुरू होतात आणि त्यांतली एखाद-दोन पुरी होतात. त्याच महिन्यात वहीची पंचवीस-तीस पाने सुरू होतात, आणि पुरीही होतात. सुरुवात करणे आणि कुठे थांबायचे ते ओळखणे ही दोन्ही सवयीची कामे आहेत. सात महिने चित्र पुरे न केलेल्या हाताचे थांबण्याचे भान सर्वांत आधी जाते, असा माझा अनुभव आहे; रेषा आणि रंग त्या मानाने लवकर परत येतात. जलरंगांत तर थांबणे हीच निम्मी विद्या आहे, कारण एक वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचा थर, जास्त झाला की खालचा उजेड गेला तो गेला, आणि कागद खरवडूनही तो पूर्वीसारखा परत मिळत नाही.

भेट मिळालेल्या देखण्या वहीबद्दल माझे मत थोडे कठोर वाटेल. ती कपाटात ठेवून द्या. तिच्याशी झगडण्याचे कारण नाही, आणि तिच्यावर ‘विजय मिळवण्या’चा निश्चय तर मुळीच करू नका, तो बोर्डाशी चाललेल्या झगड्याचाच दुसरा अंक होईल. कामाला वही अशी हवी की तिचे एखादे पान बिघडले तर जीव हळहळू नये, आणि तरी कागद मात्र रंग सोसणारा असावा. ही दोन्ही बंधने एकत्र पाळणे थोडे अवघड असते. पातळ कागदाच्या वहीत जलरंग लावला की पान लाटांसारखे उठते, रंग खळग्यांत साचतो आणि आपण नाहक स्वतःला दोष देतो. निदान २०० ग्रॅम (दर चौरस मीटरला) वजनाचा कागद पाहा. ३०० ग्रॅमचा मिळाला तर एवढ्या लहान आकाराला तो ताणूनही घ्यावा लागत नाही. शिवलेली वही दोन्ही पाने मिळून आडवे चित्र करायला बरी, तारेची वही मागे दुमडायला बरी. यापलीकडे वहीचा फार विचार करू नका, कारण योग्य वहीचा शोध घेण्यात माझे एक वर्ष गेले आहे आणि त्या वर्षात मी वह्याच जमवल्या.

पहिल्या पानाची भीती मात्र सोडवता येते. पहिले पान कोरेच सोडा आणि वही मधूनच कुठूनतरी उघडा. किंवा एका बैठकीत आठ-दहा पानांवर मातकट पिवळ्याचा किंवा फिकट करड्याचा वॉश, जसा पडेल तसा, फासून ठेवा. पांढरे पान आपल्याकडे टक लावून पाहते, माखलेले पान पाहत नाही. अशा रंगीत पानांवर अपारदर्शक जलरंग, म्हणजे गॉश, विशेष चांगला चालतो, कारण त्यात गडदावर फिका रंग चढवता येतो आणि चूक झाकता येते. तुम्ही १८ वर्षे पारदर्शक रंगांत वाढलेल्या आहात, म्हणून मुद्दाम सांगते, काही पाने गॉशमध्ये करून पाहा. सुरुवातीला चिडचिड होईल, कारण गॉशच्या फिक्या छटा वाळल्यावर थोड्या गडद होतात आणि गडद छटा थोड्या फिक्या, त्यामुळे तुमचा सगळा अंदाज चुकेल. अंदाज चुकणे हेच तिथे हवे आहे. ज्या माध्यमात तुमचे नाव नाही, त्या माध्यमात तुमचा परीक्षकही नवशिका असतो.

रंग मोजके घ्या. अल्ट्रामरीन निळा, बर्न्ट सिएना हा तांबूस तपकिरी, एक थंड, म्हणजे हिरव्याकडे झुकणारा पिवळा, एक गुलाबीकडे झुकणारा लाल आणि गॉशचा पांढरा एवढ्यावर एक पूर्ण वही निघते. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना यांच्या मिश्रणातून ऊबदार करड्यापासून जवळजवळ काळ्यापर्यंत सगळ्या छटा मिळतात, त्यामुळे काळा रंग न्यावा लागत नाही. जाता जाता एक फायदा सांगते. ॲलिझरिन क्रिमसनसारखा गडद लाल रंग प्रकाशात उडतो म्हणून आपण तो विक्रीच्या चित्रांत टाळतो, पण बंद वहीला प्रकाश लागतोच कुठे? तुम्हाला आवडणारे आणि शहाणपणाने बाजूला ठेवलेले असे रंग इथे खुशाल वापरा.

आता प्रत्यक्ष काम. वहीच्या पानावर चारही बाजूंनी मास्किंग टेप लावून साधारण ७ बाय १० सेंटिमीटरची चौकट करा. घड्याळ वीस मिनिटांवर लावा. पेन्सिलीला दोन मिनिटांहून अधिक वेळ देऊ नका, आणि खोडरबर त्या खोलीतच आणू नका. तुमच्या बाबतीत हा नियम मी सर्वांत महत्त्वाचा मानते. आधी डोळे किलकिले करून समोरच्या दृश्यात प्रकाश, मधली छटा आणि गडद असे तीनच भाग पाडा. पहिला वॉश सगळीकडे फिरवून प्रकाशाची जागा तेवढी कोरी सोडा, तो वाळला की मधली छटा, आणि शेवटी गडद. जलरंग वाळल्यावर फिका पडतो हे तुम्हाला माहीत आहेच. लहान पानावर तो धीटपणे गडद लावायचा सराव करा, कारण घाबरलेला हात नेहमी फिके रंगवतो. दोन वॉशच्या मधल्या काळात समोरच्या पानावर तारीख, वेळ आणि एक ओळ लिहा. ती ओळ चित्र कसे झाले याबद्दल नसावी, पाहिले काय त्याबद्दल असावी. ‘खिडकीच्या चौकटीची सावली भिंतीवर पोहोचेपर्यंत जांभळी होते’ ही ओळ कामाची आहे, ‘आज जमले नाही’ ही ओळ कामाची नाही. वीस मिनिटे झाली की थांबा. चित्र अर्धे वाटले तरी थांबा. टेप काढल्यावर उमटणारी स्वच्छ पांढरी कड त्या अर्ध्या चित्रालाही पुरेपणा देते. ही थोडी हातचलाखी आहे हे मी कबूल करते, पण पुरे झाल्याची ती भावना तुम्हाला सात महिन्यांत मिळालेली नाही आणि तुम्हाला तिची गरज आहे.

विषयांबद्दल तुम्ही विचारले आहे, पण त्यावर फार लिहिण्यासारखे मला काही दिसत नाही. जे समोर आहे ते रंगवा. किल्ल्यांचा जुडगा, उघडे दार, खुर्चीवर टाकलेला कपडा, खिडकीतून दिसणारा आकाशाचा तुकडा. विषय शोधायला बाहेर पडू नका, कारण शोध सुरू झाला की ‘हा विषय योग्य आहे का’ हा प्रश्न मागोमाग येतोच. उलट एकच विषय दहा-बारा पाने धरून ठेवा. तिसऱ्या-चौथ्या पानावर कंटाळा येईल. तो आला तरी विषय बदलू नका. वस्तू कशी दिसते हे माहीत झाल्यावर कंटाळा येतो, आणि त्यानंतरच आपण तिच्याकडे पाहू लागतो. सहाव्या-सातव्या पानावर तुम्ही खुर्ची काढणे सोडून खुर्चीच्या पायांमधली पोकळी काढू लागाल, किंवा कपड्याचा रंगच बदलून टाकाल. माझ्या त्या पेल्याच्या वहीत असेच झाले होते.

यानंतरचा मुद्दा अनेकांना आवडत नाही. ही वही कोणालाही दाखवायची नाही. निदान ती भरेपर्यंत तिचा एकही फोटो फोनमधून बाहेर जाता कामा नये, आणि खरे तर तो काढलाच जाऊ नये. तुमची अडचण प्रेक्षकांच्या नजरेतून उभी राहिली आहे. वहीतही तीच नजर आणून बसवलीत तर दहाव्या पानापासून तुम्ही पाने ‘सजवू’ लागाल, बिघडलेले पान फाडाल, आणि वही हे एक छोटे प्रदर्शन होऊन बसेल. इंग्रज चित्रकार विल्यम टर्नरच्या मृत्यूनंतर, १८५१ नंतर, त्याच्या संग्रहातून सुमारे ३०० वह्या राष्ट्राच्या ताब्यात आल्या. त्या त्याची कामाची हत्यारे होती. भिंतीवर टांगण्यासाठी त्याने त्या भरलेल्या नव्हत्या, आणि त्यांतल्या कित्येक पानांवर तर घाईघाईने ओढलेल्या पेन्सिलीच्या चार रेघांपलीकडे काही नाही. कोणाला तरी दाखवल्याशिवाय चैनच पडत नसेल, तर नंदलाल बोस यांचा मार्ग घ्या. ते विद्यार्थ्यांना आणि स्नेह्यांना साध्या पोस्टकार्डांवर चित्रे काढून पाठवत असत. कार्डावरचे चित्र एकाच माणसासाठी असते, ते पाठवले की आपल्याजवळ उरत नाही, आणि त्याची तुलना करायला भिंत नसते. तुमच्या मैत्रिणीला महिन्यातून एक कार्ड जाऊ द्या. वही मात्र तुमच्याजवळच ठेवा.

पाने फाडू नका हे ओघात आलेच, त्याचे कारणही सांगते. माझ्या वह्यांत दहा पानांतली दोन बरी निघतात, चार तशीच असतात आणि चार उघड फसलेली. वर्षभराने चाळताना मात्र मला उपयोगी पडतात ती बहुधा त्या फसलेल्या चारांतली असतात, कारण तिथे मी काहीतरी न येणारे करायला गेले होते. बऱ्या पानांत मी मला येत होते तेच केलेले असते. आज तुम्ही जे पान फाडाल त्याचा निकाल आजच्या डोळ्यांनी लावलेला असेल, आणि तुमच्या आजच्या डोळ्यांवर सध्या फारसा विश्वास ठेवता येणार नाही, हे तुम्हीच पत्रातून सांगितले आहे.

काही दिवस वही उघडणार नाही. आठ दिवस खाडा झाला तर नवव्या दिवशी राहिलेली आठ पाने भरून काढू नका. त्या दिवसाचे एकच पान करा. रोजच्या रोज हा माझा आग्रह नाही, वीस मिनिटांनी थांबण्याचा मात्र आहे. आणि एक गोष्ट वेगळी काढून सांगायला हवी. चित्राबरोबरच झोप, भूक, माणसांत मिसळणे, एरवी आवडणाऱ्या सगळ्याच गोष्टी मागे पडल्या असतील, तर ती चित्रकाराची अडचण राहत नाही आणि वही हा तिच्यावरचा उपाय नाही; तेव्हा डॉक्टरांना भेटावे. तुमच्या पत्रात तसे काही दिसले नाही, तरी मी विचारल्याशिवाय राहू शकत नाही.

मोठ्या कागदाकडे केव्हा वळायचे, हा तुमचा शेवटचा प्रश्न. तारीख ठरवून नाही, आणि वही भरली म्हणूनही नाही. खूण अशी असते की एखादा विषय तुम्ही तीन-चार वेळा वेगवेगळ्या चौकटींत करून पाहता, आणि टेपची कड तुम्हाला नडू लागते. डावीकडे आणखी थोडी जागा असती तर, असे वाटू लागते. तेव्हाही एकदम फुल शीट घेऊ नका. आधी क्वार्टर शीट, म्हणजे २८ बाय ३८ सेंटिमीटर, मग हाफ. आणि वहीतले चित्र चौकोन आखून मोठ्या कागदावर उतरवू नका. लहान पानावर ब्रशाच्या एका फटकाऱ्यात झालेले झाड २७ पट मोठ्या कागदावर भला मोठा, रिकामा डाग होते, आणि मग त्यात तपशील भरण्याची धडपड सुरू होते. वहीतून फक्त निर्णय घ्या. सर्वांत गडद जागा कुठे, उजेड कुठून, काय वगळले, हे त्या पानासमोर लिहिलेल्या ओळीत असेल. ती ओळ एका चिठ्ठीवर उतरवून बोर्डाच्या कोपऱ्याला लावा, वही बंद करून दुसऱ्या खोलीत ठेवा, आणि मोठे चित्र नव्याने पाहून करा.

राहता राहिला सात महिने ताणून ठेवलेला तो कागद. त्याला तसाच ठेवून वहीत काम करता येईल असे तुम्हाला वाटत असेल, तर तसे होणार नाही. तो खोलीत आहे तोवर वहीतले प्रत्येक पान तुम्ही त्याच्या तोलाचे आहे का हे पाहणार. तो आज बोर्डावरून काढा. पेन्सिल खोडून त्याचा पृष्ठभाग काही ठिकाणी उसवलाही असेल, तिथे वॉश तसाही नीट बसणार नाही. लांबीचे आठ आणि रुंदीचे चार भाग केलेत की त्याचे ३२ तुकडे होतात, प्रत्येक साधारण साडेनऊ बाय चौदा सेंटिमीटरचा. कडेची टेपखालची पट्टी गेली तर थोडा कमी. ते एका क्लिपमध्ये अडकवा. नवी वही आणायला जाण्याचीही मग गरज उरत नाही. तुमच्या हाताची ओळख असलेला चांगला कागद आहे तो, आणि त्यावर पुसलेल्या रेघांच्या खुणा कुठे कुठे दिसतील, त्या दिसू द्या.

पुढचे पत्र लिहाल तेव्हा चित्रे पाठवू नका. ३२ तुकड्यांच्या मागे लिहिलेल्या तारखा आणि ओळी तेवढ्या उतरवून पाठवा.